वेसण अफवेला घाला, तोंडाला नको

राईनपाडा आठवतंय? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात फॉरवर्डला पाच चॅटची मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर! म्हणून 'नियमच नकोत' हे मला पटत नाही.

पण पालघरही विसरू नका. २०१२ मध्ये बंदवरच्या फेसबुक पोस्टसाठी आणि लाइकसाठी दोन मुलींना अटक झाली. ते कलम ६६अ सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये रद्द केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपन्यांना जबाबदार धरा. पोस्ट काढायचा आदेश लेखी, कारणासह द्या, कोर्टात आव्हान देता येईल असा. सरकारवरची टीका मात्र 'घातक मजकुरा'त ढकलू नका.

तुम्हाला काय वाटतं?