'दुप्पट ॲव्हरेज'चा दावा आणि पाच अश्वशक्तीचे गणित

लिटरमागे दुप्पट ॲव्हरेज देणारे यंत्र, इंधनाच्या नळीवर बसविण्याचे चुंबक, पाण्यापासून वायू काढून तो इंजिनाला पुरविणारी पेटी. इंधनाचे दर चढले, की अशा शोधांना नवा बहर येतो. सर्वसामान्य ग्राहकाला त्यांची परीक्षा घेता येत नाही, असा समज आहे. वास्तविक, त्यासाठी शाळेत शिकलेले गणित पुरेसे आहे.

जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठावर वसलेल्या बोरी बुद्रुकसारख्या बागायती गावाला परिचित असलेले उदाहरण घेऊ. पाच अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३.७ किलोवॉट. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १० युनिट ऊर्जा असते. लहान डिझेल इंजिन त्यातील सुमारे ३० टक्के ऊर्जेचे कामात रूपांतर करते. म्हणजेच पूर्ण भारावर त्याला तासाला सव्वा लिटरच्या आसपास डिझेल लागणार. हेच काम अर्ध्या लिटरमध्ये होते, असे कोणी सांगितले, तर त्याच्या इंजिनाची कार्यक्षमता ७४ टक्के भरते. जहाजांवरील अजस्र, संथगतीची डिझेल इंजिनेही ५० टक्क्यांच्या थोडीफारच पुढे जातात. चीनमधील वेइचाय कंपनीने २०२४ मध्ये ५३.०९ टक्के कार्यक्षमतेचे डिझेल इंजिन जाहीर केले, तेव्हा तो जागतिक विक्रम मानला गेला.

ही मर्यादा कंपन्यांनी संगनमताने घातलेली नाही. उष्णतेचे कामात रूपांतर करणाऱ्या कोणत्याही यंत्राला तापमानाच्या फरकाने ठरलेली कमाल सीमा असते, हे फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच दाखवून दिले. उरलेली ऊर्जा धुराड्यातून, थंड करणाऱ्या पाण्यातून आणि घर्षणातून निघून जाते.

'आमच्या उपकरणाने इंधन पूर्ण जळते' हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद. परंतु सुस्थितीतील आधुनिक इंजिनात इंधनाचा जवळजवळ सर्वच भाग आधीच जळतो; न जळता राहणारे प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या घरात असते. ते सारे वाचविले, तरी ॲव्हरेज दुप्पट कसे होणार? पाण्याच्या पेटीचा प्रश्न आणखी सोपा आहे. पाण्याचे विघटन करण्यास लागणारी वीज अखेर त्याच इंजिनावर तयार होते आणि वायू जाळून मिळते त्यापेक्षा अधिक ऊर्जा तिच्यासाठी खर्च होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गेल्या काही दशकांत इंधन वाचविणारी शंभराहून अधिक उपकरणे तपासली. त्यांतील मोजक्याच उपकरणांनी फरक दाखविला, तोही किरकोळ.

भारतालाही याचा अनुभव आहे. तमिळनाडूतील रामर पिल्लै यांच्या 'हर्बल पेट्रोल'ने १९९६ मध्ये देशभर खळबळ उडविली होती. वनस्पतींपासून इंधन बनविण्याचा तो दावा तपासात टिकला नाही. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

मग अनेक वापरकर्ते फरक पडल्याचे प्रामाणिकपणे का सांगतात? उपकरण बसविताना बहुधा एअर फिल्टर साफ होतो, ऑइल बदलले जाते, ट्यूनिंग होते. पैसे मोजलेला चालकही काही दिवस जपून गाडी हाकतो. श्रेय मात्र उपकरणाला मिळते. म्हणून तेच इंजिन, तोच भार ठेवून उपकरणासह, उपकरणाविना आणि पुन्हा उपकरणासह त्रयस्थाकडून मोजमाप व्हायला हवे. वाहनांची चाचणी घेणारी 'एआरएआय' ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे. पेटंट हा मात्र पुरावा नव्हे. पेटंट नावीन्याला मिळते, ॲव्हरेजला नाही.

दाव्याची शहानिशा कशी होते, याचा धडा खुद्द बोरी बुद्रुकच्या मातीत आहे. येथील ज्वालामुखीच्या राखेचे वय एका मोजणीत सुमारे १४ लाख वर्षे आले. इतर संशोधकांनी तिचा संबंध सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी जोडला. फरक अठरापटींहून अधिक. तरीही दोन्ही बाजूंनी नमुने, पद्धती आणि आकडे उघड मांडले. म्हणूनच इतरांना ते तपासता आले. 'गुपित सांगता येणार नाही' म्हणणाऱ्या संशोधकाकडे नेमके हेच नसते.

याचा अर्थ इंजिने सुधारत नाहीत, असा नाही. फ्युएल इंजेक्शन, टर्बोचार्जर आणि हायब्रिड तंत्राने खरी बचत झाली. पण ती टप्प्याटप्प्याने, मोजून. शेतीपंपाबाबतही बचतीची जागा अनेकदा इंजिनाबाहेर असते. कमी अडथळ्याचा फूटव्हॉल्व्ह आणि योग्य व्यासाचा पीव्हीसी पाइप वापरा, हा 'पीसीआरए'चा जुना सल्ला त्याचसाठी आहे. त्यात चमत्कार नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दंड होईपर्यंत ग्राहकाचे पैसे गेलेले असतात आणि इंजिनात फेरफार केल्याने वॉरंटीही धोक्यात येते. त्यामुळे पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारावे : किती लिटरमध्ये किती काम, आणि ते मोजले कोणी?