घर कशाभोवती बांधायचे?



मुरुडच्या आमच्या वस्तीत एका कुटुंबाला रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. वडील नारळाच्या वाडीत मजुरी करतात. थोरला मुलगा जयंतीची गाणी लिहितो आणि चालीही स्वतःच लावतो. वडिलांनी अंगणात फक्कीने २६९ चौरस फुटांचा आराखडा आखला आणि आम्हाला पाहायला बोलावले. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मोरी, संडास, सगळे नीट बसले होते. "मुलाची पेटी कुठे?" आम्ही विचारले. "माळ्यावर. कार्यक्रम असला की काढायची." मुलगा खाली मान घालून उभा राहिला.

तेव्हा आम्ही त्यांना दूरच्या एका घराची गोष्ट सांगितली. ग्रीस देशात अमोर्गोस नावाचे बेट आहे. आपल्यासारखाच समुद्र, आपल्यासारखाच वारा. तिथे फ्रान्स्वा-बर्नार माश या फ्रेंच संगीतकारासाठी यानिस झेनाकिस यांनी घराचा आराखडा केला. माश हे पक्ष्यांचे आवाज कान देऊन ऐकणारे आणि त्यांतून संगीत घडवणारे. झेनाकिस स्वतः इंजिनिअर होते आणि संगीतकारही. चंदीगड शहराची रचना करणाऱ्या ल कोर्बुझिए यांच्या हाताखाली त्यांनी बरीच वर्षे काम केले होते. माश यांच्या घराला त्यांनी वळणदार भिंती दिल्या आणि लहान लहान झरोके ठेवले. ते झरोके एका रांगेत नाहीत. कागदावर सुरांच्या खुणा मांडाव्यात तसे ते भिंतीवर विखुरले आहेत.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. झेनाकिस तरुणपणी नाझींविरुद्धच्या लढ्यात होते. पुढे १९४४ च्या डिसेंबरमध्ये अथेन्सच्या रस्त्यांवरील लढाईत तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा एक डोळा गेला. १९४७ साली ते देश सोडून फ्रान्सला पळाले आणि मागे त्यांना मृत्युदंड ठोठावला गेला. मित्राच्या घराचा आराखडा १९६६ चा. म्हणजे ज्या भूमीवर पाऊल ठेवायची त्यांना सोय नव्हती, त्या भूमीवर ते मित्रासाठी घर आखत होते. लष्करी हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ साली, ते मायदेशी जाऊ शकले.

वडील म्हणाले, "ती मोठ्या लोकांची घरे. आमच्याकडे पाहुणा आला तर बसवायचा कुठे?" प्रश्न खोटा नव्हता. मग आम्ही राजगृहाची आठवण दिली. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांची पुस्तके मावेनात. म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले. कुटुंब खाली, आणि वरचा मजला ग्रंथांना व कामाला. हजारो ग्रंथांचे ते घर. आधी काम ठरले, मग भिंती उभ्या राहिल्या. चाळीत ओढग्रस्तीचा संसार केलेल्या रमाईंनी त्याच राजगृहात २७ मे १९३५ रोजी शेवटचा श्वास घेतला. तुमच्या घरकुलाला नाव त्यांचेच आहे, एवढेच आम्ही म्हणालो.

मग हिशेब मांडला, कारण कारकुनाला हिशेबच येतो. खिडकीखाली चार फूट लांब, दोन फूट रुंद कट्टा. पेटी वर, वह्या खालच्या कोनाड्यात. जागा ८ चौरस फूट, म्हणजे २६९ मधले शेकडा ३ सुद्धा नाहीत. पाहुणा आला तर कट्ट्यावर बसेल. धाकटी यंदा दहावीला आहे, तिचा अभ्यासही तिथेच होईल. संध्याकाळी ती वाचेल, रात्री भाऊ बसेल.

वडील बराच वेळ उभे होते. मग त्यांनी पायाने एक रेघ पुसली आणि मुलाच्या हातात फक्कीचे घमेले दिले. "तूच आख," म्हणाले.

वाचकहो, तुमच्या घरातही कोणी गाणे लिहीत असेल, कोणी परीक्षेला बसत असेल, कोणी शिवणकाम करीत असेल. घर आखताना त्यांना आधी विचारा. भिंत उभी राहिल्यावर विचारून उपयोग नाही.