पोळी सोडताय? आधी टेस्ट!

'अरे, ग्लुटेन सोड, सोरायसिस पळेल!' ऑफिसच्या कँटीनमध्ये हा सल्ला तुम्हालाही मिळाला असेलच. सल्ला देणाऱ्याच्या हातात 'ग्लुटेन-फ्री' कुकीजचा पुडाही असतो, आणि त्याची किंमत ऐकून खाज आणखीनच वाढते! पण थांबा. हा फंडा अगदीच फोल नाही. काहींच्या बाबतीत तो खरा आहे.

ग्लुटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं चिकट प्रथिन. पोळी लुसलुशीत होते ती त्याच्याच जिवावर. काहींची प्रतिकारशक्ती मात्र त्याच्याशी उभा दावा मांडते. आतड्यातल्या या भांडणाला सिलिअॅक म्हणतात, आणि त्याचंच त्वचेवरचं रूप म्हणजे डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस. (नाव घेतानाच घाम फुटतो, माहितीये!) कोपरं, गुडघे, पार्श्वभागावर भयंकर खाजणाऱ्या पाणीदार पुळ्या येतात. त्याला एक्झिमा किंवा खरूज समजून मलमं चोळणं सहज होतं. इथे गहू सोडणं हाच मूळ इलाज. फक्त धीर हवा. डॉक्टरांनी दिलेल्या डॅप्सोनने खाज काही दिवसांत आटोक्यात येते, पथ्याला मात्र कित्येक महिने, कधी दोन वर्षंही लागतात. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

सोरायसिसचं गणित वेगळं. 2000 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी काही पेशंट्सना तीन महिने ग्लुटेनशिवाय ठेवलं. ज्यांच्या रक्तात ग्लायडिनविरोधी अँटिबॉडी होत्या, त्या गटाची त्वचा सुधारली. बाकीच्यांना फरक पडला नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळानेही हेच सांगितलं : ब्लड टेस्ट पॉझिटिव्ह असेल, तरच ग्लुटेन सोडून बघा. हां, वजन जास्त असेल तर ते उतरवल्याचा फायदा होतो.

आणि मेन पॉइंट. टेस्टच्या आधी पोळी सोडायची नाही! गहू बंद केला की अँटिबॉडी हळूहळू उतरतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि सिलिअॅक असला तर तो लपून बसतो.

टेस्ट पॉझिटिव्ह आलीच तर नगरकरांनो, तुमचं काम सोपं आहे. जामखेड-कर्जतची ज्वारी, पारनेर-संगमनेरची बाजरी... दोन्हींत ग्लुटेन नाही. हुरडा पार्टीलाही बिनधास्त जा! सिलिअॅकमध्ये लोह नीट शोषलं जात नाही, त्यामुळे रक्त कमी होतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत आणलेली 'धनशक्ती' बाजरी तर जास्त लोहासाठीच निवडलेली आहे.

खरी गोची बाहेर आहे. डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, मंचुरियनच्या सोया सॉसमध्येही गहू असतो. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. कोपऱ्यावरच्या गिरणीत मात्र तुमच्या आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो, आणि जात्यात अडकलेलं ते पीठ तुमच्या बाजरीत उतरतं. तेव्हा महागड्या कुकीजपेक्षा घरगुती चक्कीचं बघा, आणि तिच्यात गहू घालू नका. आईला आधीच सांगून ठेवा!