‘आता घरातला मोठा माणूस तूच!’

वडिलांची बदली ‘फील्ड’ला झाली, ट्रंक बांधून झाली, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या पाठीवर थाप मारून कुणी काका, मामा किंवा खुद्द वडीलच म्हणतात, ‘‘आता घरातला मोठा माणूस तूच बरं का! आईला सांभाळ.’’ बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते. मुलगाही मान डोलावतो. मग रात्री दाराची कडी लागली आहे ना, हे पाहायला तो दोनदा उठू लागतो. आईला बाजारातून यायला उशीर झाला तर ताटावर बसत नाही. सकाळी शाळेच्या वेळेला त्याच्या पोटात दुखते. डॉक्टर पोट तपासतात, पोटात काही सापडत नाही. या साऱ्याचा त्या वाक्याशी संबंध असेल, असे कुणाच्या मनातही येत नाही.

दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत. फौजेत दोन-तीन वर्षे ‘पीस’मध्ये आणि मग सीमेकडे, अशी आलटून-पालटून नेमणूक होत असते. सीमेवर बायकामुलांना नेता येत नाही. अशा वेळी काही जणी गावी सासरी जातात, काही मुलांच्या शाळेसाठी दिल्लीतच ‘सेपरेटेड फॅमिली’ क्वार्टरमध्ये राहतात. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी सुना इथे गॅसच्या नंबरापासून पालकसभेपर्यंत सारे एकट्याने निभावतात.

शाळेची सोय मात्र बरी आहे, हे कबूल करायला हवे. सतत बदल्या होणाऱ्यांच्या मुलांचे हाल होऊ नयेत म्हणूनच १९६३ साली लष्करी रेजिमेंटच्या २० शाळा हाती घेऊन केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली. १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आज १३० हून अधिक आर्मी पब्लिक स्कूल आहेत. त्यामुळे गाव बदलले तरी पुस्तके बरीचशी तीच राहतात. शेजारच्या बाकावरचा मित्र मात्र राहत नाही. (आणि मराठीही राहत नाही! नातू हिंदीत बोलतो, आजी मराठीत विचारते, मध्ये आई दुभाषी.)

बाबा कुठे आहेत, हे मुलांना नीट सांगता येत नाही, ही खरी अडचण. पत्ता म्हणजे युनिटचे नाव आणि पुढे ‘५६ ए.पी.ओ.’. फोन कधी रोज येतो, कधी आठवडाभर येत नाही. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले तेव्हा अशा घरांनी काय सोसले असेल, याची कल्पना करून पाहा. ७ मेच्या रात्री दिल्लीच्या काही भागांत दिवे घालवण्याची तालीम झाली. टीव्हीवर निवेदक ओरडत होते. त्यांनी त्या दिवसांत दिलेल्या कितीतरी बातम्या पुढे खोट्या निघाल्या. १० मेला गोळीबार थांबला, पण मुलाने मधल्या रात्रींत पडद्यावर जे पाहिले ते काही १० तारखेला थांबत नाही.

अशा दिवसांत मुलांसमोर टीव्ही बंद ठेवावा, यात दुमत नको. पण टीव्ही बंद आणि आईचे तोंडही बंद, असे झाले तर मूल स्वतःच्या मनाने गोष्ट रचते आणि ती नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असते. ‘‘काही नाही झालं, तू अभ्यास कर,’’ या उत्तराने त्याची समजूत पटत नाही, कारण आईचा चेहरा ते रोज वाचत असते. त्यापेक्षा सरळ सांगावे, ‘‘बाबा कामावर आहेत. सध्या फोन करायची परवानगी नाही. मलाही काळजी वाटते. काही कळलं तर मी तुला आधी सांगेन.’’ आणि शब्द पाळावा. रडू आले तर ‘‘फौजीचा मुलगा ना तू?’’ म्हणू नये. फौजी वडील आहेत, तो नाही. तो तिसरीत आहे.

गावाकडच्या आजी-आजोबांनाही एक विनंती. फोनवर नातवाला पहिला प्रश्न ‘‘बाबांचा फोन आला का रे?’’ हा नको. दिवसातून चार नातेवाईक हेच विचारतात आणि चार वेळा ‘नाही’ म्हणताना पोर कासावीस होते. क्रिकेटचे विचारा, म्हशीला पारडू झाल्याचे सांगा.

पोटदुखी, अंथरूण ओले करणे, एकाएकी मारामाऱ्या असे काही दोन-तीन आठवड्यांहून जास्त चालले तर वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगावी आणि समुपदेशकांना भेटावे. यात कमीपणा कसला? ‘टेली मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात सुरू झाला आहे.

सर्वांत नाजूक काळ कोणता, असे विचाराल तर मी म्हणेन, वडील रजेवर येतात तो. जवानाला वर्षात ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते, ती तुकड्यातुकड्याने मिळते. सारे घर आनंदात, आणि धाकटी मात्र आईच्या पदराआड लपते! बाबांना वाईट वाटते. मग थोरल्याच्या वह्या तपासल्या जातात, उठण्याची वेळ बदलते, घरात जणू परेड सुरू होते. आठ महिने घर ज्या चालीने चालले ती चाल एका दिवसात मोडू नये. पहिले चार दिवस बाबांनी पाहुण्यासारखे राहावे. शाळेच्या बसपर्यंत सोडायला जावे, भाजी आणावी, मुलीने खेळायला बोलावले की जावे. ‘मोठा माणूस’ झालेल्या मुलाचा भार मात्र लगेच उतरवावा. ‘‘कडी मी लावतो, तू झोप,’’ एवढे म्हटले तरी त्याला कळते.

आणि परतण्याच्या दिवशी, गाडी पहाटेची असली तरी, मुलांना झोपेत ठेवून निघू नये. उठवून, सांगून जावे. मुलगी रडेल, दूध पिणार नाही, शाळेत उशिरा पोहोचेल. पोहोचू द्या. निरोप न घेता गेलात, तर पुढच्या रजेत ती बाबांच्या शर्टाचे टोक मुठीत धरून झोपते आणि अर्ध्या रात्री ते आहेत ना, हे चाचपून पाहते.