कड्यांवरचा पाठ

कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या दक्षिण सीमेलगत, मिल्क नदीच्या खोऱ्यात, वालुकाश्माच्या कड्यांवर हजारो आकृती कोरलेल्या व रंगविलेल्या आहेत. ढाल घेतलेले योद्धे, वन्य पशू आणि पुढील काळातील घोडे व बंदुकाही त्यांत आढळतात. ब्लॅकफूट लोक या स्थळाला ‘आयसिनाईपी’ म्हणजे ‘चित्रित केलेले’ असे म्हणतात. २०१९ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसास्थळाचा मान दिला.

हा वारसा बालकांना शिकवावा कसा? पुस्तकात एक छायाचित्र छापावे आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरून घ्याव्यात, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ब्लॅकफूट समाजाच्या श्रद्धेनुसार त्या खोऱ्यात पवित्र शक्तींचा वास असून त्या चित्रांच्या द्वारे माणसांशी बोलतात. नदी, कडे आणि दक्षिणेस दिसणाऱ्या स्वीटग्रास टेकड्या यांच्यापासून चित्र वेगळे काढले की त्याचा अर्थच हरपतो.

आणि वेगळे काढण्याचेच काम तेथील शाळांनी शतकाहून अधिक काळ केले. सरकारी पैशावर बहुधा चर्चने चालविलेल्या निवासी शाळांत मूलनिवासी मुलांना मातापित्यांपासून दूर ठेवण्यात आले. मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत असे. या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली ९४ शिफारशी केल्या. बालवाडीपासून बारावीपर्यंत हा इतिहास आणि मूलनिवासींचे योगदान शिकवावे, ही त्यांपैकीच एक.

एवढ्या लहान मुलांना त्यातले काय कळणार, असे कोणी म्हणेल. आमच्या मते आरंभ त्याच वयात व्हावा. मुलांना समाजातील वडीलधाऱ्यांसमवेत त्या खोऱ्यात न्यावे, कथा त्यांच्याच भाषेत ऐकवाव्यात आणि चित्रांना बोटही न लावता परत आणावे. तो दगड ठिसूळ आहे. नावे कोरणाऱ्या हौशी हातांनी कित्येक चित्रांना इजा केली आहे. म्हणूनच तेथील संरक्षित भागात मार्गदर्शकाविना प्रवेश नाही. हात आवरणे हाही शिक्षणाचाच भाग होय.

आमच्या गोव्यातही रिवणजवळ, कुशावतीच्या काठी, पणसायमळ येथे जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत. १९९३ साली ती अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. गावकऱ्यांना मात्र ती आधीच ठाऊक होती. आमच्या शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेथे न्यावे आणि बोलण्याचा पहिला मान त्या गावकऱ्यांना द्यावा.