साडेसातशेचा मोह

तर झालं असं, की दोन वर्षांपूर्वी इथे मिशिगनमध्ये मी १९७७ ची शेव्हरोले सी-१० पिकअप घेतली. ३५० घनइंचाचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. बायको तिला 'तुझं भंगार' म्हणते. पण बागेसाठी माती आणायची असली की भंगारच लागतं. असो.

विकणारा म्हणाला होता, "कार्ब्युरेटर गेलाय, नवा टाक." आता माझा कार्ब्युरेटरशी संबंध काय, तर बाबा सकाळी चेतकला चोक देऊन किका मारायचे तेवढाच. मग कुठलाही नवशिका करतो तेच मी केलं. आकडा बघितला. ६०० सीएफएम की ७५०? (मिनिटाला किती घनफूट हवा आत जाऊ शकते, ते म्हणजे सीएफएम.) मोठा तो चांगला, म्हणून साडेसातशेचा आणला. तोही मेकॅनिकल सेकंडरीवाला, म्हणजे पाय दाबला की मागची दोन दारं दांडीने थेट उघडणार. इंजिनला हवं असो वा नसो.

पहिल्याच आठवड्यात चौकात डावीकडे वळताना ॲक्सिलरेटर दाबला, गाडीने एक गचका दिला आणि मान टाकली. समोरून ट्रक येत होता. शेजारी मुलगी बसलेली. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं.

आधी करायचं गणित मग नंतर केलं. ३५० गुणिले ४५०० आरपीएम, भागिले ३४५६. (घनफुटात १७२८ घनइंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण हवा घेतं, म्हणून दुप्पट.) आले ४५६. जुनं इंजिन त्यातली ८० टक्के भरतं धरलं तर ३६५. बस्स! माती वाहणाऱ्या गाडीला याहून जास्त लागतच नाही. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात गेली की दाब कमी होतो आणि त्या ओढीने पेट्रोल येतं. गळा एकदम मोठा उघडला की हवेचा वेग पडतो, ओढ संपते, आणि इंजिनला नुसतीच हवा मिळते.

गंमत पुढेच आहे. फेकायला काढलेला मूळचा रॉचेस्टर क्वाड्राजेट, तोही बहुधा साडेसातशेचाच! पण त्याची पुढची दोन भोकं लहान, मागची दोन भली मोठी, आणि मागे एक झडप जी इंजिनच्या ओढीनेच हळूहळू उघडते. म्हणजे लागेल तेवढंच. ऑन डिमांड स्केलिंग, १९६५ सालापासून :) आणि 'गेला' होता म्हणजे काय, तर ॲक्सिलरेटर पंपाचं जुनं रबर कडक झालं होतं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मानवत नाही.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. रेस लावायची नसेल तर आधी जुना खोला, इथेनॉल चालणारं किट टाका. त्याची बॉडीच तडकली असेल किंवा थ्रॉटलचा दांडा खिळखिळा झाला असेल तरच नवा घ्या, आणि तो ६०० चा, व्हॅक्यूम सेकंडरी आणि इलेक्ट्रिक चोकवाला. घेताना मॅनिफोल्डची भोकं बघा. क्वाड्राजेटच्या जागी चारही भोकं सारखी असलेला कार्ब्युरेटर ॲडॉप्टरशिवाय नीट बसत नाही. 'अपग्रेड'च्या नादात हे कोणी सांगत नाही राव.

किट बसवायला माझे दोन शनिवार गेले. त्या चौकात आता गाडी निमूट वळते. साडेसातशेचं खोकं अजून गॅरेजमध्ये आहे, आणि ते कधी विकणार हे बायको दर रविवारी विचारते.