पाळकाचा ‘ळ’

माझा मुलगा पाचवीत होता तेव्हा शाळेत ‘माझे बाबा’ या विषयावर निबंध आला. त्याने पहिलंच वाक्य लिहिलं, ‘माझे बाबा पाळक आहेत.’ बाईंनी लाल शाईने ‘ळ’ खोडला, वर ‘ल’ लिहिला आणि अर्धा गुण कापला. बाईंचा दोष नव्हता. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा रेव्हरंड, हे भिवंडीत किती जणांना माहीत असणार? त्यांना वाटलं, पोराला ‘पालक’ म्हणायचंय. रात्री अकराला मी उपवास-प्रार्थनेहून घरी आलो तेव्हा त्याने वही दाखवली आणि माझी हसून पुरेवाट झाली. पुढच्या रविवारी हा किस्सा मी प्रवचनातही खपवला. मंडळी खो खो हसली. दुसऱ्या रांगेत बसलेलं माझं पोर तेवढं हसलं नाही.

आज ते पोर एकोणीस वर्षांचं आहे. दिवसा कॉलेज करतं, रात्री अंजूरफाट्याजवळच्या एका गोदामात खोक्यांवर स्कॅनर फिरवतं. आणि बाईंनी स्पेलिंग नव्हे, बाप दुरुस्त करायला सांगितला होता, हे मला इतक्या वर्षांनी उमगतंय.

हे आठवायला निमित्त झालं एका फोनचं. ‘सेवा, नेतृत्व आणि पितृत्व : समतोल कसा साधाल?’ अशा विषयावर पाळकांसाठी दोन दिवसांचं शिबिर आहे, पास्टर, तुमचा अनुभव सांगायला या. हॉटेल आहे, जेवण आहे, फाईल आणि बॅग आहे. दोन दिवस घराबाहेर राहून घराकडे लक्ष कसं द्यावं, ते शिकायचं. मी नाही म्हणालो. माझा खरा अनुभव सांगितला असता तर दुपारच्या जेवणाआधीच शिबिर उधळलं असतं. तो इथे सांगतो.

आधी ‘समतोल’ या शब्दाचा समाचार घेऊ. समतोल साधायला तराजू लागतो. एका पारड्यात सेवा, दुसऱ्या पारड्यात पोरगं. वाण्याच्या दुकानातही कोणी आपलं लेकरू पारड्यात बसवत नाही. आम्ही धर्मोपदेशक बसवतो, वर डोळे मिटून काटा देवाच्या हाती देतो. त्या तराजूत सेवेचं पारडं दर वेळी जड भरतं, कारण त्यात आमचा स्वतःचा मोठेपणाही चढून बसलेला असतो.

दुसरा लाडका शब्द ‘फोकस’. आमच्या प्रत्येकाकडे व्हिजन आहे, त्याचं बॅनर आहे, बॅनरवर येशूपेक्षा आमचा फोटो मोठा आहे. नेत्याचं लक्ष विचलित होता कामा नये, असं आम्हाला शिकवलं जातं. आता मार्काच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय काढा. लोक लेकरांना घेऊन येशूकडे येतात आणि शिष्य त्यांना दटावतात. गुरुजी कामात आहेत, पोरांची कटकट नको. फोकसवाले पहिले कार्यकर्ते ते हेच. आणि येशू चिडला तो त्यांच्यावर, पोरांवर नाही. हा उतारा मी दर बालदिनाला वाचून दाखवतो. रडक्या आवाजात वाचतो, चांगला वाचतो.

तर माझी ‘सेवा’. एक जुनी यंत्रमागाची इमारत, पहिल्या मजल्यावरचा भाड्याचा गाळा. खाली माग चालू असतात, त्यामुळे आम्ही मूक प्रार्थना केली तरी फरशी थरथरत राहते. पद्मानगरकडची तेलुगू कुटुंबं, उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार, मराठवाड्यातून आलेली मराठी घरं, अशी आमची मंडळी. सोमवारी घरभेटी, मंगळवारी कमिटी, बुधवारी बायबल अभ्यास, शुक्रवारी उपवास, शनिवारी तरुण संघाची सभा, रविवारी दोन उपासना. गुरुवार मोकळा होता. मोकळा आहे म्हटल्यावर मी त्या दिवशी पाळकांची सहभागिता सुरू केली.

मंडळीत जौनपूरकडचा एक माग-कामगार आहे. बारा-बारा तास माग सांभाळतो. बायको-मुलं एका दिवसाहून लांबच्या रेल्वेप्रवासावर, गावाला. एकदा घरभेटीला मी त्याच्या खोलीवर गेलो आणि पाळकी सुरात विचारलं, मुलांची आठवण येते का? त्याने उत्तरात थोरल्याचे सहामाहीचे गणिताचे गुण सांगितले, कोणतं उदाहरण चुकलं तेही सांगितलं. धाकटीचा दात हलतोय, ती जीभ लावून लावून तो अजून हलवतेय, हेही सांगितलं. रोज पाळी बदलताना तो फोनवर बोलत असतो. मग सहज विचारलं, ‘आपका बेटा कौन से साल में है, पास्टरजी?’ मी म्हणालो, ‘दूसरे में… शायद.’ त्याने सभ्यपणे मान खाली घातली आणि चहा ओतू लागला. त्याच्या आणि त्याच्या पोरांच्या मध्ये अर्धा हिंदुस्थान होता. माझ्या आणि माझ्या पोराच्या मध्ये एक पडदा होता, आमच्या खोलीतला.

याच माणसाने मला एकदा मागाची गोष्ट सांगितली होती. जुन्या मागावर कांडीचा धागा संपला आणि लक्ष गेलं नाही, तर धोटा रिकामाच इकडून तिकडे पळत राहतो. खटखट तीच, वेग तोच, फक्त कापड विणलं जात नाही. भिवंडीच्या पाळकाला याहून चांगला दृष्टान्त कुठे मिळणार? मी तो लगेच वहीत उतरवला, प्रवचनासाठी.

आता बायबलकडे वळू, कारण माझे सहकारी तिथेच दडून बसतात. आमचं हुकमी वचन लूकच्या चौदाव्या अध्यायातलं : बाप, आई, बायको, मुलं यांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही. ठीक. मग प्राण जाताना वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावणारा येशू फोकस हरवलेला होता की काय?

नेतृत्वाच्या प्रत्येक शिबिरात निर्गमाचा अठरावा अध्याय शिकवतात. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसतो, सासरा इथ्रो सांगतो की बाबा रे, थकशील, माणसं नेम, कामं वाटून दे. व्यवस्थापनाचा पहिला सल्लागार म्हणून इथ्रोची आरती होते. पण अध्यायाची सुरुवात एकही वक्ता वाचत नाही. इथ्रो आला कशाला होता? मोशेने माघारी पाठवलेली बायको सिप्पोरा आणि गेर्षोम, अलियेजर ही दोन पोरं त्याच्या पदरात परत घालायला. मुलगी आणि नातवंडं घेऊन सासरा जावयाच्या दारात उभा आहे, हे चित्र आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. जावई बाहेर येतो, सासऱ्याला नमस्कार करतो, क्षेमकुशल होतं, देवाने काय काय चमत्कार केले ते तंबूत बसून ऐकवतो. बायको-मुलांशी तो एक शब्द तरी बोलला, असं त्या अध्यायात कुठे लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पुन्हा कामावर. तेव्हा म्हातारा बोलला. तो सल्ला व्यवस्थापनाचा होता, की लेकीच्या बापाचा?

आणि मार्काचा सातवा अध्याय. ‘कुर्बान’ हा शब्द तिथे येतो. देवाला वाहिलेलं, असा अर्थ. काही धार्मिक लोक म्हाताऱ्या आईबापांना सांगत, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी कुर्बान केलंय. आईबाप उपाशी आणि पोरगा पुण्यवान. येशूने त्यांना ढोंगी म्हटलं. आम्ही युक्ती तीच ठेवली, फक्त गिऱ्हाईक बदललं. बाळा, तुझ्या वाट्याची संध्याकाळ कुर्बान. तुझ्या पालकसभा कुर्बान. तुझ्या तापाची रात्र कुर्बान, पप्पा दुसऱ्याच्या तापावर हात ठेवायला गेलेत.

हा रोग आजचा नाही. मठ सोडलेल्या मार्टिन ल्यूथरने मठ सोडलेल्या कॅथरिना फॉन बोराशी 1525 साली लग्न केलं, सहा मुलांचा बाप झाला, आणि आम्हा प्रॉटेस्टंट पाळकांना संसाराचा परवाना मिळाला. परवाना आम्ही घेतला, दिनक्रम मठातलाच ठेवला. शेजारच्या वसईतले कॅथलिक फादर निदान सचोटीचे : संसार करायचा नाही म्हणून ते लग्नच करत नाहीत. आम्ही लग्न करतो आणि संसार करत नाही.

विल्यम केरी घ्या. श्रीरामपूरला, म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नव्हे, बंगालमधल्या, बसून 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारा हा थोर मिशनरी. बायको डॉरोथी मनाविरुद्ध 1793 साली त्याच्याबरोबर आली. वर्षभरात पाच वर्षांचा पीटर गेला, तिचं मन कायमचं ढासळलं आणि 1807 साली ती वारली. घरात ती भ्रमात ओरडत असताना केरी भाषांतरं करत होता. पोरांना वळण लावलं ते मिशनमधल्या सहकाऱ्यांनी, मार्शमनबाईंनी आणि वॉर्डने. आमच्या व्याख्यानांत केरीची चिकाटी असते. डॉरोथी नसते.

आणि आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी कवितेत ‘फुलामुलांचे कवी’. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी पत्ता लागू दिला नाही. त्यांच्या पदरात लहानगा दत्तू. पुढे काही वर्षं ताटातूट, मग पुन्हा एकत्र संसार, पुन्हा टिळकांचं वैराग्य, 1917 साली साताऱ्याला ‘देवाचा दरबार’. टिळकांचा त्याग खोटा होता असं मी म्हणणार नाही. त्यांची भजनं गातच मी वाढलो. पण त्या त्यागाचं बिल कोणी भरलं, हे ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हसत हसत लिहून ठेवलंय. आम्ही हसलो, पुस्तकाला अभिजात म्हणालो आणि बिल पुन्हा बायकोच्याच हातात ठेवलं.

पंडिता रमाबाईंनी लहानग्या मनोरमेला इंग्लंडातल्या भगिनींकडे ठेवलं, यावर मी पाळकांना तासभर हळहळताना ऐकलंय. आई असून असं कसं केलं? टिळकांबद्दल ‘बाप असून’ असं सुरू होणारं वाक्य त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून ऐकलं नाही.

मंडळीही काही धुतल्या तांदळाची नाही. पास्टर दारूड्याच्या घरी रात्रभर बसला तर ‘किती भार आहे त्यांच्यावर’ आणि पोराच्या सामन्याला गेला तर ‘हल्ली पास्टर थंड पडलेत’. पोराने केस वाढवले तर ‘पास्टरचा मुलगा असून?’ माझ्या मुलाने तबला शिकायचं म्हटलं होतं. मंडळीला ढोलक वाजवणारा हवा होता. त्याने ढोलक वाजवली. विचारलं कोणी नाही, मी तर नाहीच.

कोणी म्हणेल, भिवंडीसारख्या शहरात मूठभर ख्रिस्ती, दुसरा पाळक आणायचा कुठून? रात्री दोनला फोन येतो, कोणाचं बाळंतपण अडलंय, कोणाचा अपघात झालाय. खरं आहे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळली, तेव्हा धावलेल्यांपैकी कोणी घड्याळ बघितलं नाही आणि बघूही नये. अशा रात्रींबद्दल माझं पोर कधीच तक्रार करत नव्हतं. पण मी एका वर्षाची डायरी काढून मोजलं. ज्या रात्री मी घरी नव्हतो, त्यांतली दहातली एक अशी होती. उरलेल्या नऊ? वर्धापनदिन, सत्कार, दुकानाचं उद्घाटन, कमिटीतली खुर्चीची भांडणं, आणि दुसऱ्या पाळकाच्या स्टेजवर मागच्या रांगेत बसून ‘आमेन’ म्हणणं. या नऊ रात्री देवाने मागितल्या नव्हत्या. मलाच घरी बसणं जमत नव्हतं, कारण घरी मला कोणी ‘पास्टरजी’ म्हणत नाही.

पौल तीमथ्याला पहिल्या पत्रात बजावतो की ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी काय सांभाळणार. दीक्षेआधी आमची परीक्षा होते : धर्मज्ञान, उपदेश, चारित्र्याचा दाखला. माझी सूचना आहे की एक प्रश्नपत्रिका उमेदवाराच्या मुलांना द्यावी. आणि दर पाच वर्षांनी पुन्हा द्यावी. निम्मी व्यासपीठं रिकामी पडतील. पडू द्या. वडीलजनांना किल्ल्या द्या, बायकांना उपदेश करू द्या, एक सभा कमी करा. मी गुरुवारची सहभागिता बंद केली तेव्हा मंडळीतला एकही आत्मा नरकात गेला नाही.

पहिल्या मोकळ्या गुरुवारी संध्याकाळी मी घरी बसलो होतो. पोरगा रात्रपाळीसाठी उठला, मला बघून दचकला. ‘पप्पा, आज कोणी आजारी नाही का?’

‘नाही.’

‘मग?’

या ‘मग’चं उत्तर मला सुचलं नाही. तो आंघोळीला गेला. टेबलावर त्याचं गोदामाचं ओळखपत्र पडलं होतं. मी उलटून बघितलं. मागे रक्तगट होता आणि आपत्कालीन संपर्क म्हणून एक नंबर. अर्ध्या भिवंडीच्या भिंतींवर, फ्रिजवर, प्रार्थनेच्या वह्यांवर माझा नंबर लिहिलेला आहे. रात्री दोनला लोक तो फिरवतात आणि मी उचलतो.

ओळखपत्रावर नंबर त्याच्या आईचा होता. मी त्याला का म्हणून विचारलं नाही. तो नंबर लागतो, हे त्याला माहीत होतं.